उपद्रव नेमका कोणाचा?

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे घेण्यात आली. हद्द एका अधिसूचनेने सरकते. माणसांचे जगणे तसे सरकत नाही. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे या बाजूंना आज जुन्या गावठाणाला लागूनच बहुमजली गृहनिर्माण संस्था उभ्या आहेत. भिंतीच्या एका अंगाला वाहनतळ आणि राखलेली हिरवळ, दुसऱ्या अंगाला परसातले झाड आणि त्याखाली आठ-दहा कोंबड्यांचे खुराडे, हे शहराच्या कोणत्याही वाढत्या टोकाला दिसणारे दृश्य आहे. त्यासोबतची तक्रारही ठरलेली आहे. कोंबडा पहाटे आरवतो, वास येतो, माशा होतात, रोगराई पसरेल. सबब निवासी भागातून कोंबड्या हद्दपार कराव्यात.

तक्रार करणारे सारे दुष्ट आहेत, असे मानण्याचे कारण नाही. त्यांतील पुष्कळसे लोक आयुष्याची मिळकत गहाण टाकून दोन खोल्यांचे मालक झालेले पगारदार आहेत. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची झोप पहाटे चारला मोडत असेल, तर ती झोपही श्रमिकाचीच आहे. ओल्या विष्ठेतून अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. गरिबाच्या घरची घाण पवित्र मानणारा भाबडेपणा समाजवाद्यांनी करू नये. परंतु तक्रार खरी असणे ही एक गोष्ट आणि तिच्यावर सुचवलेला उपाय न्याय्य असणे ही दुसरी. वाद आहे तो या दुसऱ्या गोष्टीविषयी.

तक्रारींचे एकेक करून परीक्षण केले, तर काय दिसते? अंड्यासाठी कोंबडा लागत नाही; तो लागतो पिलांसाठी. तेव्हा दाट वस्तीत कोंबडा न ठेवता केवळ कोंबड्या ठेवणे शक्य आहे. नर हवाच असेल, तर रात्री त्याला बंदिस्त, अंधाऱ्या खुराड्यात कोंडता येते. वास येतो तो ओलीमुळे. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरला, तो वरचेवर हलवला, भिजला की बदलला आणि चुना मारला, तर वास आणि माशा दोन्ही आटोक्यात राहतात. काढलेला भुसा कुजवून उत्तम खत होते. दाणा झाकणाच्या डब्यात ठेवला की उंदरांचे निमित्त संपते. हे सारे मिळून दोन-चारशे रुपयांचे आणि दररोजच्या पंधरा मिनिटांचे काम आहे. ज्या दोषाचे निवारण इतके स्वस्त आहे, त्यासाठी एका कुटुंबाचे साधनच काढून घ्यावे, ही मागणी मुळातच प्रमाणाबाहेरची ठरते.

राहिला रोगाचा प्रश्न. तो अधिक गंभीर आहे. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली, आणि ती झाली व्यापारी कुक्कुटपालन केंद्रांत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या, त्याही एका कुक्कुटपालन केंद्रातच. हजारो पक्षी एका छपराखाली दाटीने कोंडले की विषाणूला रान मोकळे मिळते. परंतु एवढ्यावरून परसातल्या कोंबड्या निर्धोक ठरवणे अप्रामाणिकपणाचे होईल. नवापूरनंतर महिन्याभरातच जळगाव जिल्ह्यात आणि पुढे २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये जी साथ आली, ती प्रामुख्याने घरगुती कोंबड्यांतच आढळली होती. धोका दोन्हीकडे आहे.

मग उपाय कोणता? येथे बंदीचे समर्थक एक साधी गोष्ट विसरतात. रोग आटोक्यात आणण्याची पहिली अट म्हणजे मेलेल्या पक्ष्याची खबर तत्काळ मिळणे. ज्या घरात कोंबडी पाळणे हाच गुन्हा आहे, त्या घरातील बाई अशी खबर देईल काय? ती मेलेली कोंबडी रात्री उकिरड्यावर टाकील आणि उरलेल्या गुपचूप बाजारात विकील. बंदीने कोंबड्या नाहीशा होत नाहीत, लपतात. आणि लपलेली कोंबडी ही उघड्या कोंबडीपेक्षा अधिक धोक्याची असते. याउलट नोंद असेल, मानमोडीची लस वेळेवर टोचली जात असेल आणि पक्षी नष्ट करावे लागल्यास भरपाई ताबडतोब हातात पडत असेल, तर खबर देणे हेच पाळणाऱ्याच्या हिताचे होते. शेजाऱ्यांना रोगाची खरोखर भीती असेल, तर त्यांनी बंदी मागू नये. पशुवैद्यकीय दवाखाना मागावा.

या सर्व वादात 'उपद्रव' हा शब्द सर्वात जड आहे, आणि तो मोठ्या खुबीने वापरला जातो. अर्थशास्त्रात या प्रश्नाची चर्चा जुनी आहे. पिगू यांनी १९२० मध्ये मांडले की, एकाच्या व्यवहाराची झळ त्रयस्थाला लागत असेल, तर ती किंमत त्या व्यवहाराच्या हिशेबात धरली पाहिजे. पुढे १९६० मध्ये कोज यांनी त्याला मार्मिक पुरवणी जोडली. उपद्रव हा परस्परसापेक्ष असतो, असे त्यांचे म्हणणे. अ चा त्रास ब ला होतो हे खरे. परंतु तो त्रास थांबवणे म्हणजे अ ला त्रास देणे. तेव्हा निवड दोन नुकसानींमधली असते. खुराड्याचा हिशेब असाच मांडला पाहिजे. एका पारड्यात पहाटेची मोडलेली झोप आणि वास. दुसऱ्या पारड्यात मुलांच्या ताटातले अंडे आणि अडीअडचणीला कोंबडी विकून उभे राहणारे चार पैसे. या पैशाचा विनियोग बहुधा घरची बाईच करते, कारण घरातल्या मालमत्तेपैकी तेवढीच एक तिच्या ताब्यात असते.

कोज यांच्या मांडणीत वाटाघाटीचा खर्च शून्य मानला, तर दोन्ही पक्ष आपसात सौदा करून योग्य तोडग्याला पोहोचतात. पण सौदा करायला दोन्ही पक्ष टेबलाशी बसावे लागतात. संस्थेकडे अध्यक्ष आहे, सचिव आहे, छापील शीर्षपत्र आहे, ओळखीचा वकील आहे. परसातल्या बाईकडे यातले काहीच नाही. तिला थेट नोटीसच मिळते. जेथे बळ इतके विषम आहे, तेथे 'आपसात मिटवा' म्हणणे म्हणजे बलवानाच्या बाजूने निकाल देणेच होय.

उपद्रवाच्या कायद्याचा इतिहासही तक्रारदारांनी एकदा वाचावा. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झाले आहे, त्याचा सर्वात गाजलेला वापर १९८० च्या रतलाम प्रकरणात झाला. उघडी गटारे, मलमूत्र आणि कारखान्याचे सांडपाणी यांनी त्रासलेले नागरिक तेथे दाद मागत होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी झोपड्या उठवा असे सांगितले नाही. शौचालये बांधा, गटारे साफ करा, आणि पैसा नाही ही सबब नगरपालिकेला सांगता येणार नाही, असे बजावले. म्हणजे घाणीचा दोष गरिबाच्या अंगी नसून, सोयी न पुरवणाऱ्या संस्थेच्या माथी आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. तेच कलम आता खुराड्यांवर उगारण्याची भाषा व्हावी, हा काळाचा विपर्यासच म्हटला पाहिजे.

आणि वासाची गोष्ट निघालीच आहे, तर ती पुरी व्हावी. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात ओतला गेला. तेथील विहिरींचे पाणी नासले, लोकांनी वारंवार आंदोलने केली. त्या दुर्गंधीला शहराने 'उपद्रव' म्हटले नाही. 'घनकचरा व्यवस्थापन' म्हटले. शहराची घाण गावाने निमूट सोसावी आणि गावाच्या आठ कोंबड्या मात्र शहराला सोसू नयेत, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

शासनाचे वर्तनही याहून वेगळे नाही. २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झालेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात याच ग्रामीण गरिबांना कर्ज आणि अनुदान देऊन शेळ्या-कोंबड्या घ्यायला लावले गेले. आज गाव तेच, अंगण तेच. केवळ कागदावर ग्रामपंचायतीची महापालिका झाली आणि कालचा 'पूरक व्यवसाय' आजचा 'उपद्रव' ठरला. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास, म्हणजे २०१२ पेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक आढळली; व्यापारी कोंबड्यांची वाढ त्याच काळात ५ टक्क्यांहूनही कमी होती. हा हौसेचा आकडा नव्हे. ज्यांना बाजारातले अंडे रोज परवडत नाही, अशा कोट्यवधी घरांनी काढलेली ती वाट आहे. भारतात दरडोई वर्षाला शंभराच्या आसपास अंडी उपलब्ध आहेत. आहारतज्ज्ञांची शिफारस १८० ची आहे. आणि ही सरासरी झाली. गरिबाच्या वाट्याला किती येतात, हे सरासरी सांगत नाही.

अशा स्थितीत महाराष्ट्र शासनाने काय केले? नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून अंडे लोकसहभागावर सोपवले. शाळेच्या ताटातले अंडे सरकार काढून घेणार, आणि परसातले अंडे शेजारी काढून घेणार. मग त्या मुलाने प्रथिने आणायची कोठून?

येथे तक्रारीच्या पोटात दडलेली गोष्टही उघड केली पाहिजे. पुष्कळदा आक्षेप वासाला नसतो, कोंबडीला असतो. आणि कोंबडीलाही नसतो, ती पाळणाऱ्या व खाणाऱ्या माणसाला असतो. 'अशा लोकांमुळे' इमारतीचा दर्जा उतरतो, सदनिकांचे भाव पडतात, ही कुजबुज लेखी अर्जात येत नाही. गणेशोत्सवातल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत सहन करणाऱ्यांना एका कोंबड्याचे आरवणे असह्य होते, तेव्हा प्रश्न आवाजाच्या पट्टीचा राहिलेला नसतो. सोवळे-ओवळे आता आरोग्याची भाषा बोलू लागले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मागणी म्हणून काही गोष्टी स्पष्ट मांडणे आवश्यक आहे. समाविष्ट गावांतील घरगुती कोंबडीपालनाला महापालिकेने मर्यादित संख्येपर्यंत, साध्या नोंदीवर आणि विनाशुल्क मान्यता द्यावी. खुराड्याचे अंतर, कोरडा भुसा, झाकलेला दाणा आणि दाट वस्तीत नर न ठेवणे, हे नियम मराठीत छापून घरोघरी पोहोचवावेत. प्रत्येक प्रभागात लसीकरणाचा ठरलेला दिवस असावा. तक्रार आल्यास नोटिशीपूर्वी प्रत्यक्ष पाहणी व्हावी, दुरुस्तीला मुदत मिळावी आणि ती करूनही त्रास उरला, तरच कारवाई व्हावी. यात शेजाऱ्याची झोपही राहते आणि बाईची कोंबडीही राहते.

या मार्गाला थोडा खर्च आहे, थोडे श्रम आहेत. बंदीला केवळ एक शिक्का पुरतो. म्हणूनच प्रशासनाला बंदी आवडते. पण शहर म्हणजे केवळ सदनिकाधारकांची संस्था नव्हे. ज्यांच्या शेतजमिनींवर हे मजले चढले, ज्यांच्या घरातल्या बाया त्याच मजल्यांवर धुणीभांडी करतात, त्यांनाही या शहरात राहण्याचा आणि आपल्या अंगणात चार दाणे टाकण्याचा अधिकार आहे. तो अधिकार शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर अवलंबून ठेवता येणार नाही.