दंतसंशोधनाचा निधी आणि झाशीचा अध्यापक

अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून अंमलात आला आणि २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे कार्य या नव्या प्रतिष्ठानाकडे गेले. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपयांचा आराखडा त्या वेळी जाहीर झाला होता. यातील सुमारे ३६,००० कोटी रुपये उद्योग, दाते आणि अन्य बिगरसरकारी स्रोतांतून उभे राहतील, असे अपेक्षित धरण्यात आले. संशोधन मोजक्या नामवंत संस्थांपुरते मर्यादित राहू नये, राज्यांच्या विद्यापीठांनाही त्यात वाटा मिळावा, हा प्रतिष्ठानाचा घोषित हेतू आहे. हा वाटा झाशीसारख्या शहरातील दंतवैद्यकाच्या अध्यापकापर्यंत कसा पोहोचणार, हा प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही.

झाशी हे नाव मराठी वाचकाला नेवाळकरांच्या संस्थानामुळे परिचित आहे. आजची झाशी हे संस्थांचेही शहर आहे. महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ चे, बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ चे आणि राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ २०१४ चे. चराऊ कुरणे व चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था तर १९६२ पासून येथे आहे. शेती, चारा आणि वनशेती या विषयांत झाशीला केंद्राच्या संशोधन परिषदेचा भक्कम आधार लाभला. आरोग्य संशोधनात, आणि त्यातही दंतवैद्यकात, असा आधार या भागाला लाभलेला नाही.

विषयांची मात्र येथे वाण नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार उत्तर प्रदेशात २९.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखूचे सेवन करत होते. देशाची सरासरी २१.४ टक्के होती. महाराष्ट्रातील २४.४ टक्के हे प्रमाणही फारसे दूर नाही. उत्तर प्रदेशात १ एप्रिल २०१३ पासून गुटख्यावर बंदी आली, तरी पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकत घेऊन एकत्र खाण्याची पद्धत रुजली. त्यातून हळूहळू तोंड उघडेनासे होण्याचा विकार जडतो आणि काही रुग्णांत पुढे मुखाचा कर्करोग उद्भवतो. बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटी भूस्तरातून झिरपणाऱ्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेल्याच्या नोंदी आहेत. असे पाणी लहानपणापासून पिणाऱ्या मुलांच्या दातांवर डाग पडतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील वाचकांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा जिल्हा पातळीवरील अभ्यासाला भारतात मोठी परंपरा आहे, हे बहुधा विस्मरणात जाते. आग्रा येथील प्रा. पी. एन. वाही यांनी उत्तर प्रदेशातीलच मैनपुरी जिल्ह्यात मुखकर्करोगाचा जो अभ्यास केला, तो १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्थानिक ‘मैनपुरी तंबाखू’ आणि कर्करोग यांचा संबंध त्यातून पुढे आला. त्याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतसंशोधनाचे एक छोटे पथक कार्यरत होते. या पथकाने पाच जिल्ह्यांत घरोघर जाऊन पन्नास हजारांहून अधिक लोकांची तोंडे तपासली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा त्यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत या आकड्यांचा आधार घेतला जातो. भारताला अमेरिकेकडून मिळालेल्या धान्याच्या मोबदल्यात रुपयांत साचलेल्या रकमेचा, म्हणजे पी. एल. ४८० च्या निधीचा, या कामाला मोठा हातभार लागला. महागड्या यंत्रांपेक्षा प्रशिक्षित डोळे, जीप आणि दीर्घकाळ हमी असलेला पैसा, ही त्या संशोधनाची सामग्री होती. यांतील तिसरी गोष्ट मिळवणे आज सर्वांत कठीण झाले आहे.

अमेरिकेत दंतसंशोधनासाठी १९४८ पासून स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे आणि तिच्या अनुदानावर तेथील दंत महाविद्यालयांचे बरेचसे काम चालते. भारतात केवळ दंतवैद्यकाला अनुदान देणारी अशी केंद्रीय संस्था नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दंतशिक्षण व संशोधन केंद्र हे स्वतः संशोधन करणारे केंद्र आहे. त्याचे काम देशभर निधी वाटण्याचे नाही. त्यामुळे येथील दंत अध्यापकाला हृदयविकार, क्षयरोग आणि जनुकशास्त्राच्या अभ्यासकांच्या रांगेत उभे राहूनच निधी मागावा लागतो. परीक्षण समितीत दातांचा जाणकार असेलच, याचीही शाश्वती नसते.

पहिले दार अर्थातच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे आहे. परिषदेच्या बाह्य संशोधन योजनेत लहान अनुदान दोन कोटी रुपयांपर्यंत आणि मध्यम अनुदान दोन ते आठ कोटी रुपयांपर्यंत असते. नावाने लहान असले, तरी जिल्हा पातळीवरील विभागासाठी ते पुष्कळ मोठे आहे. प्रस्ताव परिषदेच्या संगणकीय प्रणालीतून सादर होतात आणि विषय परिषदेने जाहीर केलेल्या प्राधान्यक्रमात बसावा लागतो. मुखकर्करोग व तंबाखू हे विषय असंसर्गजन्य रोगांच्या चौकटीत सहज बसतात. दातांना बसवायच्या साहित्याची तुलना करणारा, एरवी पदव्युत्तर प्रबंधांत वारंवार दिसणारा विषय तेथे सहसा टिकत नाही. निधी नाकारला गेल्याची तक्रार करण्यापूर्वी अध्यापकांनी हा भेद लक्षात घेतलेला बरा.

परिषदेची १९७९ पासून सुरू असलेली अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना एमबीबीएसप्रमाणे बीडीएसच्या विद्यार्थ्यांनाही खुली आहे. रक्कम किरकोळ, परंतु विद्यार्थ्याचा मार्गदर्शक म्हणून अध्यापकाच्या हाती पहिली प्राथमिक आकडेवारी येते, आणि मोठ्या प्रस्तावात परीक्षक प्रथम तीच शोधतात. २००७ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य संशोधन विभागाने कारकिर्दीत खंड पडलेल्या महिलांसाठी अधिछात्रवृत्ती ठेवली आहे. दंतवैद्यकात शिकणाऱ्या मुलींची संख्या पाहता तिची जितकी माहिती असायला हवी, तितकी दिसत नाही. याशिवाय राज्याची विज्ञान व तंत्रज्ञान परिषद लखनौत आहे. तिची अनुदाने छोटी, पण स्पर्धा राज्यापुरतीच.

नव्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाच्या योजनांचे चित्र संमिश्र आहे. जुन्या मंडळाच्या योजनांत पीएच.डी. नसलेल्या, परंतु एमडी, एमएस किंवा एमडीएस असलेल्या उमेदवारांनाही अर्ज करता येत असे. ही परंपरा दंत अध्यापकांच्या पथ्यावर पडणारी आहे. मात्र दुर्बळ संस्थांना बलवान संस्थांशी जोडणाऱ्या ‘पेअर’ या योजनेत पहिल्या टप्प्यात केंद्रीय आणि राज्य सार्वजनिक विद्यापीठे, निवडक एनआयटी आणि ट्रिपल आयटी यांचाच शाखा-संस्था म्हणून समावेश झाला. स्वतंत्र वैद्यकीय किंवा दंत महाविद्यालय या यादीत थेट येत नाही. मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेला एक लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास व नवोन्मेष निधीही मुख्यतः खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे अर्थसाहाय्य देण्यासाठी आहे. आकडा डोळे दिपवणारा असला, तरी झाशीतील अध्यापकाच्या अर्जाशी त्याचा संबंध नाही.

अर्ज लिहिण्याआधीच्या अटींवरच अनेक प्रस्ताव अडतात. मानवी सहभाग असलेल्या अभ्यासासाठी २०१९ च्या नियमांनुसार संस्थेची नीतिसमिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. उपचारांची चाचणी असल्यास पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच ती भारतीय चाचणी नोंदवहीत नोंदवावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी स्वीकारली जात नाही. खासगी महाविद्यालयाला वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता असल्याखेरीज आयुर्विज्ञान परिषदेचे अनुदान मिळत नाही. देशातील बहुसंख्य दंत महाविद्यालये खासगी असल्याने ही अट निर्णायक ठरते. ती मान्यता मिळवणे हे अध्यापकाच्या नव्हे, व्यवस्थापनाच्या हाती असते, आणि शुल्कावर चालणाऱ्या संस्थेला त्यात तातडीचे काही वाटत नाही. परदेशी निधी असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आणखी वेगळी.

पैसा आल्यानंतरची वाटही सोपी नाही. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत न गेल्यास पुढील हप्ता थांबतो, आणि प्रकल्पासाठी नेमलेला सहायक तोवर अन्यत्र नोकरी पत्करतो. काही अडथळे मात्र कमी झाले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सरकारी विद्यापीठे, संशोधन केंद्रे आणि प्राप्तिकर सवलत असलेल्या संस्थांच्या संशोधन अनुदानावरील करात सूट देण्याची शिफारस केली. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक खरेदीचे नियम शिथिल केले: निविदेविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये, तर खरेदी समितीची मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाख रुपये झाली. आयुर्विज्ञान परिषदेलाही या सवलतीचा लाभ देण्यात आला. सूक्ष्मदर्शक किंवा लाळेच्या तपासणीची सामग्री घेताना महिनोन्‌महिने थांबणाऱ्या विभागांना याचे मोल कळेल.

एकट्या दंत विभागाने मोठ्या अनुदानासाठी प्रयत्न करण्यापेक्षा सहसंशोधक म्हणून प्रवेश करणे झाशीच्या दृष्टीने अधिक व्यवहार्य दिसते. तंबाखूच्या प्रश्नावर राज्यातच, नोएडात, आयुर्विज्ञान परिषदेची कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था आहे आणि धूररहित तंबाखूविषयीचे जागतिक ज्ञानकेंद्र तिच्याकडेच आहे. फ्लोराइडच्या प्रश्नावर विद्यापीठातील भूशास्त्र व रसायनशास्त्राचे अध्यापक पाणी तपासू शकतात आणि दंतवैद्य मुलांचे दात. केरळात १९९६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीने प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केवळ तोंड पाहून केलेल्या तपासणीमुळे तंबाखू आणि मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू घटतात, हे २००५ मध्ये दाखवून दिले. बुंदेलखंडातील विखुरलेल्या गावांत, अपुऱ्या मनुष्यबळावर ही पद्धत कशी राबवावी, हा प्रश्न संशोधनासाठी खुला आहे, आणि तो लहान अनुदानाच्या मर्यादेत बसणारा आहे.