आत्मचरित्रातली इतर माणसं

पुण्यात माणूस निवृत्त झाला की दोन गोष्टी करतो. सकाळी फिरायला जातो आणि आत्मचरित्र लिहायला घेतो. आमची खडकीही त्याला अपवाद नाही. पंचाहत्तरीच्या समारंभात पेढ्याबरोबर हातात पुस्तक पडतं. मुखपृष्ठावर लेखकाचा फोटो, आत सत्काराचे फोटो, शेवटी मानपत्रं. अशी पुस्तकं मी मन लावून वाचतो. पण मिटल्यावर पुष्कळदा एवढंच लक्षात राहतं, की लेखक कुठल्या साली कुठल्या हुद्द्यावर होते. त्यांच्या घरात कोण कोण होतं, हे मात्र सांगता येत नाही. ‘पत्नीची साथ होती म्हणूनच हे शक्य झालं’ या एका वाक्यात बाई येते आणि त्याच वाक्यात निघून जाते.

गेल्या वर्षभरात आठवणींची काही नामवंत पुस्तकं ओळीनं वाचली. काही पहिल्यांदा, काही पुन्हा. वाचता वाचता एक साधा निकष हाती लागला. लिहिणाऱ्यानं स्वतःखेरीज इतरांना किती जागा दिली, एवढंच बघायचं.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्या. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. वडिलांचं टोकाचं सोवळं, त्यापायी मेटाकुटीला आलेलं घर, लहरी आणि दिलदार नवरा, १८९५मध्ये त्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट. एवढं भोगलेल्या बाईनं रडगाणं गायलं असतं तरी कुणी बोल लावला नसता. पण त्या आधी स्वतःला हसतात, मग दुसऱ्याला. नारायण वामन टिळकांचे दोष त्या झाकत नाहीत, तरी पुस्तक संपतं तेव्हा आपल्याला टिळक अधिकच आवडू लागलेले असतात. रागावलेल्या माणसावर प्रेम कसं करावं, हे मी त्या पुस्तकात वाचलं.

बेबी कांबळे यांच्या १९८६च्या पुस्तकाचं तर नावच ‘जिणं आमुचं’. ‘माझं’ नव्हे, ‘आमुचं’! फलटणला त्यांचं लहानसं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेले रद्दीचे कागद त्या वाचत. लिहिलेलं त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. त्यात महारवाड्यातल्या बायका आहेत, उपासमार आहे, बाबासाहेबांच्या शब्दानं आलेली जाग आहे. सवर्णांनी केलेला छळ त्या सांगतात आणि आपल्याच माणसांत सुनांचे झालेले हालही सांगतात. हे दुसरं सांगायला जास्त धैर्य लागतं. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आई बांबूची आयदानं विणत बसलेली आहे. लेकीचं शिक्षण, नोकरी, लेखन असं सगळं पुढे जातं, पण ती आई डोळ्यांसमोरून हलत नाही.

कुणी म्हणेल, मग ‘मी’ लिहूच नये का? सुनीता देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये ‘मी’ पानोपानी आहे. १९९० साली ते आलं तेव्हा घराघरांत वाद झाले. पु. लं.बद्दल असं लिहावं का, हा त्यातला मुख्य प्रश्न. आता वाचताना मला जाणवलं, की त्या जितक्या परखडपणे नवऱ्याला जोखतात तितक्याच स्वतःलाही. तो ‘मी’ मानपत्र घ्यायला उभा नाही, जबाब द्यायला उभा आहे. अशा ‘मी’ला माझी हरकत नाही.

या रांगेत एक कादंबरीही वाचली, प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ (१९८१). हिमालयात कडा फोडून लष्करासाठी रस्ता करणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे. खडकीत बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. रस्ते, पूल, सुरुंग हे शब्द इथल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. पण रस्ता करताना जे मजूर मरतात त्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला त्या कादंबरीनं विचारला. तिच्यातला तरुण इंजिनियर विश्वनाथ त्यांचं स्मारक व्हावं म्हणून लष्करी शिस्तीशी झगडा मांडतो.

पुस्तक मिटल्यावर मला आमच्या इथलं युद्ध-स्मशान आठवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेंहून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे नीट राखलेल्या आहेत. पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या अठराशेंहून अधिक जणांची नावं तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. शिपायाचं नाव दगडावर राहिलं, हे योग्यच झालं. पण खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. त्यात पिढ्यान् पिढ्या खपलेल्या कामगारांची नावं कुठे आहेत? भोंग्याच्या आधी उठून डबा भरणाऱ्या बायकांची? ही नावं दगडावर येणार नाहीत. ती आलीच तर कुणाच्या तरी आठवणींच्या वहीत येतील.

घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला, असा आक्षेप नेहमी निघतो. तो अगदीच चुकीचा नाही. जे हयात नाहीत त्यांना उत्तर देता येत नाही, याचं भान लिहिणाऱ्याला हवंच. पण बायको किती वाजता उठायची आणि तिचं काय करायचं राहून गेलं, हे लिहिल्यानं घराची अब्रू जात नाही. न लिहिल्यानं ती बाई मात्र जाते.

तेव्हा पंचाहत्तरीच्या पुस्तकाची तयारी ज्यांच्या घरी चालू असेल त्यांना माझी एकच विनंती आहे. मानपत्रांची चार पानं कमी करा. त्या जागी शेजारच्या यंत्रावरच्या सोबत्याबद्दल लिहा, उसनवारी देणाऱ्या वाण्याबद्दल लिहा, आणि पत्नीबद्दल लिहिण्याआधी तिला एकदा समोर बसवून विचारा. तिला आठवणारी हकीकत तुमच्या हकिकतीशी जुळली नाही, तर दोन्ही छापा.