पंच: शब्दाचा अभिमान पुरे, आता वाडग्याकडे पाहू

वर्षातून दोनतीनदा तरी एक पोस्ट आपल्या सर्वांसमोर येऊन उभी राहतेच. 'इंग्रजांचे पंच हे पेय मूळचे आपले, कारण त्यात पाच घटक असतात आणि नाव आपल्या "पाच"वरून पडले.' खाली अभिमानाचे शेरे पडतात, कोणी पंचामृताची आठवण काढतो, आणि विषय तेथेच संपतो. माझे मत असे की या गोष्टीतील सर्वांत कच्चा दुवा आपण छातीशी धरला आहे आणि जे पक्के आहे ते हातचे सोडले आहे. आजचा धागा त्या पक्क्या भागाविषयी. त्यासाठी थोडे घरगुती कॉकटेलच्या ओट्यापाशी उभे राहावे लागेल.

प्रारंभीच एक सूचना. महाराष्ट्रात पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कडक मद्याचा परवाना मिळत नाही. तेव्हा धाकट्या वाचकांनी मुख्य घटक वगळून पुढे वाचावे. उरेल ते जायफळ घातलेले उत्तम लिंबाचे सरबत, आणि इतिहास त्यालाही लागू आहे.

प्रथम व्युत्पत्ती. 'पंच'चा आज ठाऊक असलेला सर्वांत जुना इंग्रजी उल्लेख १६३२ चा आहे. कंपनीचा नोकर रॉबर्ट ॲडम्स याने कोरोमंडल किनाऱ्यावरील आर्मगाव येथून सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो येतो. तेथे घटकांची यादी नाही. वाचणाऱ्याला हे पेय ठाऊकच आहे असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे. १६३८ मध्ये जर्मन प्रवासी मांडेल्स्लो सुरतेस होता. तो 'पालेपुंट्झ' नावाच्या पेयाचे वर्णन करतो: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. चार घटक. पुढे फ्रेंच वैद्य बर्निए बंगालमधल्या 'बुलपोंज'विषयी लिहितो: अरक, लिंबू, पाणी, वर थोडे जायफळ. पुन्हा चारच. हा 'बुल' म्हणजे इंग्रजीतला 'बोल', आपला वाडगा.

'पाच' येतात ते जॉन फ्रायर या कंपनीच्या डॉक्टरच्या ग्रंथात. तो १६७० च्या दशकात या किनाऱ्यावर हिंडला आणि त्याचे पुस्तक १६९८ मध्ये छापले गेले. हिंदुस्थानी भाषेत पाच म्हणजे 'पाँच', आणि पाच घटकांवरून हे नाव, असे तो सांगतो. मात्र ते पाच कोणते हे त्या वाक्यात सांगत नाही. शिवाय 'पुंट्झ', 'पोंज' ही जुनी परदेशी रूपे उकार-ओकाराची आहेत, 'पाच'मधल्या आकाराची नाहीत. म्हणून काही अभ्यासक हे नाव 'पंचन' या मोठ्या पिंपाच्या नावाशी जोडतात. फ्रायरचे म्हणणे खोटे ठरले असे नव्हे. ते सिद्ध झालेले नाही, इतकेच. अशा पायावर अभिमानाची इमारत उभारू नये.

परंतु त्याच वाक्याच्या आधीच्या भागाकडे कोणी पाहत नाही. फ्रायर तेथे म्हणतो की या किनाऱ्यावरचे इंग्रज ज्यापासून पंच करतात तो उत्तम अरक 'नेरुल' येथे निघतो. नवी मुंबईकरांनी हुरळून जाऊ नये. हे नेरुल गोव्यातले, बारदेशातले. नाव कोठून आले याचा वाद चालू राहील, पण वाडग्यात ओतलेला पदार्थ कोठून आला हे तो गावाच्या नावानिशी सांगतो. आपल्या पोस्टमधून नेमके हेच गळते.

आता माझ्या आवडत्या कागदाकडे येतो. १६९४ मध्ये मुंबई सरकारच्या आज्ञापुस्तकात एक नोंद झाली. तिचा आशय असा: खाणावळीत पंच पिण्यास आलेल्या गिऱ्हाइकाने एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबूपाणी मागून घ्यावे व आपले पंच आपणच करावे. वाडग्यावर बाजाराच्या कारकुनाची मोहर नसेल, तर गिऱ्हाइकाने तो वाडगा खुशाल फोडावा. वाडग्याचेही पैसे द्यायचे नाहीत आणि पेयाचेही नाहीत.

हा कागद पुन्हा एकदा वाचून पाहा. मुंबई कंपनीच्या ताब्यात येऊन अवघी सव्वीस वर्षे झाली होती. एवढ्या अवधीत मापात मारण्याचा धंदा इतका बोकाळला होता की सरकारला वाडग्यावर मोहर उठवावी लागली. आणि उपाय कोणता, तर गिऱ्हाइकाने जिन्नस मोजून घ्यावेत आणि मिश्रण स्वतःच्या हाताने करावे. आज जो घरी कॉकटेल करतो त्याचा पूर्वज लंडनच्या क्लबात शोधण्याची गरज नाही. तो या मुंबईच्या खाणावळीत मोहर तपासत बसलेला आहे.

लिंबूपाणी म्हणजे येथे लिंबाचा रसच असावा, असे घटकांच्या प्रमाणावरून दिसते. त्या काळचे क्वार्ट ढोबळमानाने ९५० मिलिलिटर धरले, तर रस त्याच्या चौथा हिस्सा पडतो आणि साखर सुमारे २२५ ग्रॅम. म्हणजे ६० मिलिलिटर मद्याला १५ मिलिलिटर रस आणि साधारण १४ ग्रॅम साखर. आजच्या कोणत्याही चांगल्या 'सावर' प्रकारच्या कॉकटेलजवळ हे प्रमाण जाते, थोडे गोडाकडे झुकते एवढेच. नोंदीत पाणी नाही. पाण्याला दाम नव्हता, म्हणून किमतीच्या यादीत ते आले नसावे, असा माझा तर्क.

या प्रमाणातूनच घरच्या साधनांविषयीचे माझे मत बनले आहे. हल्ली बारा-पंधरा वस्तूंचे चकचकीत संच मिळतात. त्यातली खरोखर अपरिहार्य वस्तू एकच: मापाचा पेला, ज्याला बारमध्ये जिगर म्हणतात. कारण साधे आहे. ६० मिलिलिटर मद्यात पाच मिलिलिटर इकडचे तिकडे झाले तर बाराव्या हिश्शाचा फरक पडतो. १५ मिलिलिटर रसात तेवढेच इकडचे तिकडे झाले तर तिसऱ्या हिश्शाचा. पेय बिघडते ते लिंबू आणि साखर अंदाजाने घातल्यामुळे, आणि आपण मात्र पेग मोजतो नि लिंबू डोळ्यांनी पिळतो. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण असले तरी भागेल. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते, बारीक गाळणीच्या जागी चहाची गाळणी चालते, मडलरच्या जागी खलबत्त्यातला बत्ता.

मोठ्या वाडग्यासाठी ७५० मिलिलिटरची बाटली धरली तर साखर १८० ग्रॅम आणि रस १९० मिलिलिटरच्या आसपास लागतो. दहाबारा रसदार कागदी लिंबे पुरतात. लिंबे पिळण्यापूर्वी चारपाच लिंबांची हिरवी साल पातळ सोलावी. खालचा पांढरा भाग कडू असतो, तो घेऊ नये. ही साल साखरेत घालून बत्त्याने चेचावी आणि तासभर झाकून ठेवावी. सालीतले तेल साखर ओढून घेते आणि जो वास येतो तो बाटलीबंद रसातून कधीही मिळत नाही. मग त्यावर रस ओतून साखर पूर्ण विरघळवावी. हा क्रम उलटा करू नये, कारण साखर मद्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते. त्यानंतर मद्य, त्यानंतर मद्याइतकेच थंड पाणी. साल गाळून काढावी, वर जायफळ किसावे. रस त्याच दिवशीचा हवा. काही तासांत त्याची चव उतरते.

बर्फ हा पुष्कळ पुढचा पाहुणा आहे. अमेरिकेतून नैसर्गिक बर्फ घेऊन पहिले जहाज कोलकात्यास लागले ते १८३३ मध्ये. १६९४ चे पंच बर्फाविनाच प्यायले गेले, हे विसरू नये. आज वापरायचाच असेल तर आदल्या रात्री वाटीत पाणी गोठवून एकच मोठा गोळा करावा. आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून तो सावकाश वितळतो आणि पेय पातळ होत नाही. एकाच पेल्यापुरते करायचे असेल तर उलट लहान खडे घेऊन बारा-पंधरा सेकंद जोराने हलवावे आणि वेगळे पाणी घालू नये. वितळलेला बर्फच ते काम करतो. रस असलेले पेय हलवावे, निव्वळ मद्यांचे मिश्रण ढवळावे, हा नियम सर्वत्र लागू आहे. आणखी एक: मद्य ४२ टक्क्यांचे असेल तर वरील वाडग्यातले पंच सतराच्या घरात येते. ते वाइनहून कडक आहे, पण गोडीमुळे तसे वाटत नाही. बर्निए तर लिहितो की इंग्रज-डच खलाशांनी बुलपोंज कमी केल्यावर त्यांच्यातली आजारपणे कमी झाली.

राहिला प्रश्न मद्याचा. येथे बहुतेक जण आयात केलेली रम घेतात. त्यात चूक काही नाही. पण १६९४ च्या नोंदीला 'गोव्याचा अरक' हवा आहे, म्हणजे माडाच्या सुरेपासून गाळलेले मद्य. त्याचा आजचा वारस माडाची फेणी. काजूची फेणी अधिक प्रसिद्ध आहे, २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले, तर माडाची सूर या किनाऱ्याची जुनी. तिचा वास सौम्य असतो आणि लिंबाशी तिचे चांगले जमते. 'देशी' दिसावे म्हणून कोकम ओतण्याची सध्याची हौस मला पटत नाही. कोकम इतके बोलके आहे की फेणीला तोंडच उघडू देत नाही.

आता ज्यासाठी हा धागा लिहायला घेतला ते. सूर उतरवणारा माणूस दिवसातून तीनदा माडावर चढतो: सकाळ-संध्याकाळ मडक्यात साचलेली सूर काढायला, दुपारी पोय छाटायला. गोव्यात त्याला रेंदेर म्हणतात. मुंबई आणि कोकणात हे काम भंडाऱ्यांचे. कंपनीच्या मुंबईत गव्हर्नर ऑन्जिअरच्या काळी याच भंडाऱ्यांची शिबंदी उभी राहिली. ज्यांची माडी सरकारला महसूल देत होती, तेच बेटाच्या रक्षणालाही होते. पुढे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य गाळण्याचा अधिकार आवळत नेला, भट्ट्या मोजक्या मक्तेदारांकडे गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग गुन्हा ठरू लागला. आज गोव्यातही माडावर चढणारे हात कमी होत चालले आहेत, कारण कष्ट आणि जोखीम यांच्या मानाने हाती फार थोडे येते.

व्युत्पत्तीच्या पोस्टमध्ये इंग्रज असतो, संस्कृत असते, अंक असतो. माडावरचा माणूस नसतो. शब्द आपला होता की नाही हे कदाचित कधीच ठरणार नाही. सूर काढणारा हात मात्र कोणाचा होता हे ठाऊक आहे, आणि त्याचे वंशज अजून दोन-चार गावांपलीकडे राहतात. पुढच्या वेळी ती पोस्ट दिसली तर खाली 'मग नेरुलचा अरक कोणी गाळला?' एवढे विचारून पाहा.

१८७८ च्या कायद्यावर आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर बंधने आणणाऱ्या १८९२ च्या कायद्यावर स्वतंत्र धागा लिहितो आहे. ज्यांच्या घरी माडीच्या परवान्याचे किंवा झाडपट्टीचे जुने कागद असतील, त्यांनी अवश्य कळवावे.