शंभर फुटी शेतकरी



पुतळे कुणाचे असतात, सांगा बरं? राजे-महाराजांचे, संतांचे, पुढाऱ्यांचे. आणि रस्त्याकडेच्या मोठमोठ्या फलकांवर चेहरे कुणाचे? सिनेनटांचे, क्रिकेटपटूंचे, नाहीतर ज्यांचा वाढदिवस आहे अशा कुणा ‘भाऊं’चे! पण आपल्याकडे रोज दूध घालणाऱ्या काकांचं दहा मजली इमारतीएवढं चित्र तुम्ही कधी पाहिलंय? नाही ना? मग चला, आज ऑस्ट्रेलियाला जाऊ या. तिथे अशी चित्रं आहेत, आणि ती चक्क साध्यासुध्या शेतकऱ्यांची आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात व्हिक्टोरिया नावाचं राज्य आहे. मेलबर्न ही त्याची राजधानी. (क्रिकेटमुळे हे नाव तुम्हाला पाठच असणार!) मेलबर्नहून वायव्येला मोटारीने चार तास गेलं, की विमेरा आणि मॅली हा गव्हाचा मुलूख लागतो. जमीन कशी, तर पोळपाटासारखी सपाट. उंच इमारती नाहीत. मैलच्या मैल शेतं, आणि दूर क्षितिजावर उभे असतात ते फक्त सायलो.

सायलो म्हणजे काय? आपल्याकडे जुन्या घरांत बांबूची, शेणाने सारवलेली कणगी असायची. आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील. सायलो म्हणजे त्या कणगीचा शंभर फूट उंच काँक्रीटचा भाऊ! पूर्वी तिकडेही गहू गोणीत भरून, पाठीवर वाहून रेल्वेत चढवायचे. मग १९३०च्या दशकात रेल्वेच्या रुळांलगत गावोगाव हे सायलो उभे राहिले. एका पट्ट्याला बादल्या लावलेल्या असतात. रहाटगाडगं विहिरीतलं पाणी वर आणतं ना, तसा हा पट्टा गहू वर नेतो आणि सायलोच्या तोंडातून आत ओततो. मालगाडी आली की खालची झडप उघडायची. गहू आपल्याच वजनाने धो धो डब्यात पडतो. ना गोणी, ना हमाल.

ही युक्ती इतकी सोयीची होती, तर मग ते सायलो रिकामे का पडले? कारण त्याहून सोयीचं काहीतरी आलं. मोठे ट्रक आले. गहू दहा गावांत साठवण्याऐवजी एकाच प्रचंड केंद्रावर नेणं स्वस्त पडू लागलं. तिथे तर तो जमिनीवर डोंगरासारखा ढीग घालून वर ताडपत्री टाकून ठेवतात. कितीतरी छोट्या स्थानकांवर मालगाडी थांबेनाशी झाली.

गावांचंही तसंच झालं. यंत्रं वाढली, तशी एकेका कुटुंबाकडे जमीन जास्त आणि गावात माणसं कमी. कुठे दुकानाला कुलूप, कुठे बँकेची शाखा बंद, कुठे मुलंच नाहीत म्हणून शाळा बंद. त्यात १९९७ च्या सुमारास असा दुष्काळ पडला, की तो बारा-तेरा वर्षं हटला नाही. शिकायला शहरात गेलेली मुलं परत येईनात. (हे ऐकून कुणाला आपलं गाव आठवलं, तर नवल नाही.)

अशाच एका गावाचं नाव ब्रिम. वस्ती दोनशेच्याही आत. २०१५ च्या डिसेंबरात तिथे गीदो व्हॅन हेल्टन नावाचा तरुण चित्रकार आला. तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, बरं का! १९३९ साली बांधलेले चार सायलो तिथे ओळीने उभे होते. त्यांच्यावर त्याने चार शेतकरी रंगवले. वेगवेगळ्या पिढ्यांचे, आणि त्यात एक बाईसुद्धा. चित्र पुरं झालं २०१६ च्या जानेवारीत. त्या चौघांची नावं चित्रकाराने लिहिली नाहीत. म्हणजे ब्रिमच्या कुठल्याही माणसाने म्हणावं, ‘हा माझा आजा असेल!’ रंगही भडक नाहीत. मातीचे, वाळलेल्या गवताचे. मला ही गोष्ट फार आवडली.

सायलोवर चित्र काढण्याची ऑस्ट्रेलियातली ही पहिलीच वेळ नव्हे. त्याआधी २०१५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दम गावात दोन परदेशी चित्रकारांनी सायलो रंगवले होते. पण ब्रिमचं चित्र पाहायला लांबून लोक येऊ लागले आणि शेजारच्या गावांनाही वाटलं, आपल्याकडेही असं हवं. बघता बघता दक्षिणेच्या रुपन्यपपासून उत्तरेच्या पॅचेवॉलॉकपर्यंत दोनशे किलोमीटरचा चित्रमार्गच तयार झाला! सुरुवातीला त्यावर सहा गावं होती. नंतर आणखी जोडली गेली.

आता एक प्रयोग करा. बिस्किटांचा गोल डबा घ्या, त्याला कोरा कागद गुंडाळा आणि त्यावर कुणाचा तरी चेहरा काढा. नाक समोर ठेवलंत, तर कान बाजूला वळून दिसेनासे होतील. डबा जरा फिरवला, की चेहरा वेगळाच! आता हाच डबा शंभर फूट उंच आहे असं समजा. चित्रकार यांत्रिक पाळण्यात उभा राहून वर-खाली जातो. डोळा रंगवत असताना समोर दिसते ती नुसती काळी-करडी भिंत. डोळा जमला की नाही, हे कळायला खाली उतरून लांब जावं लागतं. वर ऊन आणि वारा आहेतच.

पॅचेवॉलॉकचे दोन जोडसायलो उंच आणि अरुंद. तिथे फिन्टन मगी हा चित्रकार गावातच मुक्काम ठोकून राहिला आणि लोकांना न्याहाळत बसला. शेवटी त्याला एक शेतकरी सापडला. ताडमाड उंच आणि सडपातळ. सायलोत बरोबर मावला की!

रुपन्यपचे सायलो पोलादी. त्यांवर यूलिया वोल्चकोवा या रशियन चित्रकर्तीने तुमच्या ताई-दादांच्या वयाची दोन मुलं काढली आहेत, खेळाच्या गणवेशात. एक नेटबॉलचा आणि दुसरा तिकडच्या फुटबॉलचा. खेळच का? कारण या गावांत शनिवारची मॅच म्हणजे आपल्याकडची जत्राच. सगळे तिथेच भेटतात. संघाला खेळाडू पुरेनासे झाले, की गावाच्या पोटात गोळा येतो.

शीप हिल्सचं चित्र मात्र वेगळी गोष्ट सांगतं. गव्हाची शेतं व्हायच्या हजारो वर्षं आधीपासून या जमिनीवर वेर्गाया, वोत्जोबालुक असे मूळ रहिवासी राहत होते. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांची जमीन घेतली. अ‍ॅडनेट नावाच्या चित्रकाराने २०१६ मध्ये इथे त्यांच्यातल्या दोन वडीलधाऱ्यांचे आणि दोन लहान मुलांचे चेहरे रंगवले. मागे रात्रीचं आभाळ. आपण काका, मावशी म्हणतो, तसं ते लोक वडीलधाऱ्यांना मानाने ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणतात. ज्यांच्या जमिनीवर गहू पिकला, त्यांचे चेहरे आता गव्हाच्याच कोठारावर आहेत.

तुम्ही विचाराल, ‘चित्रं काढून पाऊस पडतो का?’ नाही पडत. बंद झालेली शाळाही त्याने उघडत नाही. पण एरवी धूळ उडवत निघून जाणारी मोटार थांबते. लोक उतरतात, चहा पितात, दुकानातून काहीबाही घेतात आणि गावाचं नाव विचारतात. आज ऑस्ट्रेलियात असे पन्नासहून जास्त सायलो रंगवलेले आहेत.

त्यातला एक संच तुम्हाला आवडेल. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात, अ‍ॅडलेडहून मेलबर्नला जाणाऱ्या हमरस्त्यावर कूनलपिन गाव आहे. गीदोने २०१७ मध्ये तिथल्या पाच सायलोंवर गावातल्या प्राथमिक शाळेची पाच मुलं रंगवली. एकेक मूल शंभर फुटांचं! ती मुलं आता मोठी झाली असतील, पण सायलोवर मात्र ती अजून प्राथमिक शाळेतच आहेत.

आता तुमचं काम. तुमच्या गावात किंवा वसाहतीत पाण्याची उंच टाकी असेलच. तिच्यावर कुणाचं चित्र काढाल? सिनेनट, खेळाडू आणि पुढारी चालणार नाहीत. जिला तुम्ही रोज पाहता, अशी एखादी व्यक्ती हवी. चित्र काढा, खाली चार ओळी लिहा आणि आमच्याकडे पाठवा. आई-बाबांनीही भाग घेतला तर आमची हरकत नाही!