गोड वासाचे विष

अग्रलेखाची जागा आतल्या पानावर असते. ती सोडून संपादकाने पहिल्या पानावर यावे, असे प्रसंग थोडे. आणि ते बहुधा मृतांचा आकडा हाती घेऊनच येतात. आज तसे काहीही घडलेले नाही. दापोड्याच्या एखाद्या गुदामात कोणी गुदमरून पडल्याची वार्ता आमच्याकडे आलेली नाही आणि ती कधीही येऊ नये, अशीच आमची इच्छा आहे. परंतु प्रेते मोजून झाल्यावर अश्रू ढाळण्याची आणि चौकशी समितीची मागणी करून मोकळे होण्याची जी खोड आम्हां पत्रकारांना, राज्यकर्त्यांना व एकूण समाजालाच जडली आहे, ती एकदा तरी मोडली पाहिजे. म्हणून न घडलेल्या अपघाताविषयी आम्ही आज या जागेवरून लिहीत आहोत.

दापोडे हे भिवंडी तालुक्यातील गाव. मुंबईकर मध्यमवर्गीयाने ते पाहिलेले नसते. परंतु त्याच्या घरातील निम्म्या वस्तूंनी ते पाहिलेले असते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या अगदी उंबरठ्यावर असल्यामुळे दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, माणकोली या पट्ट्यातील भातखाचरांवर गेल्या काही दशकांत गुदामांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे जकात गेली. गुदामे मात्र राहिली आणि वाढली. माल ठेवण्यासाठी बांधलेल्या या गाळ्यांची रचना पाहा. पुढे एक लोखंडी शटर, वर पत्रा किंवा स्लॅब, मागची भिंत आंधळी. मालाला वारा लागत नाही, म्हणून वाऱ्याची सोय नाही. परंतु गाळा रिकामा राहत नसतो. कोणी तेथे माल साठवतो, कोणी जोडकाम करतो, कोणी साचे दुरुस्त करतो, कोणी जुनी यंत्रे घासूनपुसून पुन्हा विकावयास काढतो. आणि जेथे वाऱ्याची सोय नाही, तेथे माणूस काम करू लागतो.

या घासण्यापुसण्याच्या कामात आता लेसर नावाचा नवा गडी आला आहे. लोखंडावरचा गंज, यंत्रावरचा जुना रंग, प्लास्टिकच्या किंवा टायरच्या साच्यात चिकटून बसलेली पुटे काढण्यासाठी पूर्वी वाळूचा फवारा, तारेचा ब्रश किंवा तिखट रसायने वापरीत. आता हातात धरावयाच्या बंदुकीसारख्या यंत्रातून प्रखर किरण सोडला, की पृष्ठभागावरचे पूट क्षणार्धात तापते, उडते आणि खाली स्वच्छ धातू चमकू लागतो. वाळू नको, ॲसिड नको, पाणी नको. विक्रेता सांगतो, हे यंत्र ‘पर्यावरणस्नेही’ आहे. वाळूच्या फवाऱ्याने फुप्फुसांत सिलिका जाऊन किती कामगार अकाली मेले, हे आठवले की या यंत्राचे स्वागतच करावेसे वाटते. आणि आम्हीही ते करतो. आमचे भांडण यंत्राशी नाही.

भांडण आहे ते एका साध्या प्रश्नाचे उत्तर न देण्याशी. पूट उडाले, ते गेले कोठे? जग सोडून तर गेले नाही! शाळेतल्या मुलालाही आम्ही शिकवितो, की पदार्थ नाहीसा होत नाही, त्याचे रूप पालटते. नुसता गंज असेल तर त्याची धूळ होते. पण रंग, रेझिन, प्लास्टिक किंवा रबर असेल, तर त्याची धूळही होते आणि वाफही होते. पॉलिस्टायरीन, साचेकामातले एबीएस प्लास्टिक, फायबरग्लासमधले पॉलिएस्टर रेझिन, टायरमधले स्टायरीन-ब्यूटाडाईन रबर, मोटारीचे पोचे बुजविण्यासाठी भरतात ती लांबी, या साऱ्यांच्या घडणीत स्टायरीन आहे. पॉलिस्टायरीन तीन-चारशे अंशांच्या पुढे तापविले, की त्याची साखळी तुटते आणि मूळचे स्टायरीन वायुरूपाने बाहेर पडते. लेसरच्या किरणाखाली तर याहून कितीतरी अधिक उष्णता निर्माण होते. म्हणजे ज्या कामात बाटलीभरसुद्धा रसायन लागत नाही असे सांगितले जाते, त्या कामातच रसायन जन्माला येते.

स्टायरीनची वाफ हवेपेक्षा साडेतीन पटींहून जड असते. ती वर छताकडे जात नाही. खाली, कोपऱ्यात, खड्ड्यात, वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशी रेंगाळते. तिचा वास अल्प प्रमाणात गोडसर असतो. हाच तिचा कपटीपणा! दुर्गंधी असती तर माणूस पळाला असता. शिवाय काही वेळाने नाक त्या वासाला सरावते आणि कामगाराला वाटते, की वास गेला. वास गेलेला नसतो. नाक हरलेले असते. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके जड होणे, गुंगी येणे ही पहिली लक्षणे. कामगार ती उन्हावर, झोपेवर, फार तर रात्रीच्या जेवणावर ढकलतो. वर्षानुवर्षे संपर्क राहिला तर रंगांतील बारीक भेद कळेनासे होतात, हालचालींची चपळाई मंदावते, आणि यंत्रांच्या गोंगाटात हे विष कानांचेही नुकसान करते. २०१८ साली फ्रान्समधील लियॉं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरीनला आपल्या यादीत एक पायरी वर चढविले. पूर्वी ते ‘कदाचित’ कर्करोगकारक होते. आता ते ‘बहुधा’ कर्करोगकारक ठरले आहे. ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ यांतले अंतर व्याकरणात एका क्रियाविशेषणाचे असेल; कामगाराच्या घरात ते एका कर्त्या माणसाचे असू शकते.

स्टायरीन हे नाव आपल्या देशाला अपरिचित नाही. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटपुरम येथे एल. जी. पॉलिमर्सच्या कारखान्यातील टाकीतून हीच वाफ सुटली. टाळेबंदीमुळे कारखाना बंद होता; टाकी मात्र भरलेली होती. स्टायरीन आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात घालावयाचे द्रव्य अपुरे पडले, थंड ठेवण्याची व्यवस्था अपुरी पडली, आतली उष्णता चढत गेली आणि झोपलेले गाव श्वासासाठी रस्त्यावर धावले. १२ माणसे मेली, शेकडो रुग्णालयात गेली. धोक्याचा भोंगा वाजला नाही. तेथे विष टनांनी होते, लेसरच्या बंदुकीतून ते ग्रॅमांनी निघते, हे आम्हास ठाऊक आहे. भीती वाढवून सांगण्याचा आमचा धंदा नव्हे. एका दिवसाच्या कामाने कोणी कोसळेलच असेही नाही. परंतु तेथे वाफ मोकळ्या आकाशाखाली पसरली. येथे ती चार भिंतींत कोंडली जाईल. तेथे जगाला बातमी कळली. येथे विष थोडे थोडे रोज आत जाईल आणि बातमी होणारच नाही. अपघाताचा पंचनामा होतो, झिजण्याचा होत नाही.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागी हवेतील स्टायरीनची आठ तासांची सरासरी मर्यादा दहा लाखांत ५० भाग अशी घातलेली होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आता १० भागांवर आली आहे. पण मर्यादा ५० असो की १०, ती मोजणार कोण? २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली. तिच्या व्याख्येप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागेत २० कामगार असतील, तरच तो ‘कारखाना’. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ही संख्या १० होती. दापोड्यातील चार-सहा माणसांचा गाळा या व्याख्येच्या बाहेरच उभा राहतो. कागदावर ते गुदाम आहे, आणि गुदामात लेसर चालतो हे कागदाला ठाऊक नाही. दुचाकी चालविण्यास परवाना लागतो. डोळ्याचा पडदा क्षणात जाळू शकणारा, डोळ्यांना न दिसणारा किरण हातात घेण्यास लागत नाही!

पण याच संहितेत एक दरवाजा आहे. जेथे धोकादायक वा जीवघेणे काम चालते, तेथे कामगार एकच असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. तो अधिकार वापरावा, ही आमची पहिली मागणी आहे. प्लास्टिक, रबर, रेझिन वा रंग यांवर लेसर चालविण्याचे काम केंद्र सरकारने त्या यादीत घालावे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने या पट्ट्यातील गाळे फिरून पाहावेत, ग्रामपंचायतीने कोणत्या गाळ्यात कोणते काम चालते याची नोंद ठेवावी, आणि या गावांचे नियोजन ज्याच्या हाती आहे, त्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने गुदाम म्हणून मंजूर झालेली जागा कारखाना म्हणून चालू देऊ नये. शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. कामाच्या जागेवरील हवेची परीक्षा करणारे तज्ज्ञ तेथे बसतात. दापोड्याहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत येईल, इतकेच हे अंतर आहे. नसते ते अंतर इच्छेचे.

मालकवर्ग म्हणेल, आम्ही लहान माणसे, हा खर्च आम्हास परवडत नाही. या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. कर्ज काढून गाळा चालविणाऱ्याला उपदेश करणे सोपे असते. परंतु जो यंत्रासाठी लाखो रुपये मोजतो, त्याला धूर शोषून घेणारे उपकरण महाग वाटावे, हे गणित आम्हास उमगत नाही. जेथे वाफ निघते तेथेच ती खेचून घेणारे तोंड हवे. त्यामागे बारीक धूळ अडविणारी गाळणी हवी. आणि तिच्यामागे वाफ धरून ठेवणारा सक्रिय कोळसा हवा. तो कोळसाही भरून जातो, म्हणून वेळेवर बदलावयास हवा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क वाफेला अडवीत नाही. तो केवळ मालकाच्या मनाचे समाधान करतो. स्टायरीनची वाफ तिशीच्या थोड्या वर गेलेल्या अंशांनाच पेट घेऊ शकते. भिवंडीच्या उन्हाळ्यात हे तापमान सावलीतही असते! त्यामुळे शेजारी रसायनांची पिंपे ठेवून लेसर चालविणे म्हणजे दारूच्या कोठारात विडी ओढणे होय. आणि कामावर जुंपण्यापूर्वी, पुटात काय आहे हे माल देणाऱ्याला विचारावे. या प्रश्नाला तर एक पैसाही लागत नाही.

कामगाराच्या लघवीतील मॅन्डेलिक आम्लावरून त्याच्या शरीरात स्टायरीन किती गेले, हे पाळीच्या शेवटी तपासता येते. ही तपासणी तरुण कामगारालाही मिळाली पाहिजे. चाळिशीपर्यंत वाट पाहावयास विष कबूल नसते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. तो हक्क वीस कामगार जमल्यावरच जन्मास येतो, असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही.

२९ एप्रिल २०२३ रोजी याच पट्ट्यातील वळ येथे खाली गुदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत कोसळून ८ माणसे मेली. तेव्हा आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली. गुदामावर माणसे राहतात, हे त्यापूर्वी कोणास ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, कोणी विचारले नव्हते, इतकेच. सुशिक्षित वाचकाला आमचे सांगणे हेच आहे. सकाळी मागविलेली वस्तू सायंकाळी दाराशी येते, तेव्हा ती कोणाच्या श्वासातून आली, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. मतदार म्हणून आमदाराला विचारा, गिऱ्हाईक म्हणून कंपनीला विचारा, गाळामालक असाल तर स्वतःला विचारा. आग लागल्यावर बंब मागविता येतो. श्वासात गेलेले विष परत मागविण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. दापोड्यातील शटर आज वर उचलून आत पाहणे अवघड नाही. उद्या ते प्रेते बाहेर काढण्यासाठी उचलावे लागू नये.