चिठ्ठी कुणाच्या हाती द्यायची?

आज गांधी जयंती. वर्ध्याहून सेवाग्रामला जाणारा रस्ता जेमतेम आठ किलोमीटरचा. आज त्यावरून शाळकरी मुलांच्या सायकली धावतील. मुले आश्रमात सायकली लावतील, बापू कुटीच्या मातीच्या भिंती पाहतील आणि परत फिरतील. त्या मुलांना आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांना, शिक्षकांना, प्रशिक्षकांना आज एका चिठ्ठीची आठवण करून द्यावीशी वाटते.

ती चिठ्ठी पंधरा वर्षांच्या मोहनदासने लिहिली होती. थोरल्या भावावर पंचवीसेक रुपयांचे कर्ज झालेले. भावाच्या दंडात सोन्याचे कडे होते. मोहनदासने त्यातला तुकडा चोरला आणि कर्ज फिटले. पण मन खात राहिले. वडील करमचंद आजारी, फळीवर पडून असत. तोंडाने सांगण्याचे धैर्य होईना, म्हणून मुलाने कबुली कागदावर लिहिली, स्वतःसाठी शिक्षा मागितली, पुन्हा चोरी करणार नाही असे वचन दिले आणि थरथरत्या हाताने ती चिठ्ठी वडिलांना दिली. वडिलांनी ती वाचली. डोळ्यांतून पाणी आले, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी विचार केला आणि चिठ्ठी फाडून टाकली. आत्मकथेत हा प्रसंग सांगताना गांधीजींनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. कबुली ज्याला ती ऐकण्याचा अधिकार आहे, त्याच्यापुढेच द्यायची असते.

गांधीजींची ही कसोटी आज सायकल शर्यतींना लावून पाहण्याचे कारण आहे. २०२६च्या जानेवारीत ‘पुणे ग्रँड टूर’ झाली आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या मान्यतेची, अनेक टप्प्यांची रस्त्यावरची शर्यत महाराष्ट्रात आली. ४३७ किलोमीटरच्या या शर्यतीचे पुरस्कर्ते होते बजाज; जमनालालजींच्या वर्ध्याला हे नाव परके नाही. त्याआधीच २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली होती. विदर्भातल्या मुलांना सायकल म्हणजे शाळेला जाण्याचे साधन एवढेच माहीत होते. आता त्यांना त्यात स्वप्न दिसू लागले आहे. जो खेळ आपण घरात घेतो, त्याचा इतिहासही घ्यावा लागतो. आणि व्यावसायिक सायकलिंगचा इतिहास कबुल्यांनी आणि आरोपांनी भरलेला आहे.

१९६७ च्या १३ जुलैला ब्रिटनचा टॉम सिम्प्सन ‘टूर द फ्रान्स’मध्ये माँ व्हाँतूच्या चढावर सायकलवरून कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामाइन सापडले. पुढे नव्वदच्या दशकात ईपीओ आले. हे मुळात आजाऱ्यांचे औषध. मूत्रपिंडे निकामी झाली की शरीरात रक्त कमी बनते, म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णाला ईपीओचे इंजेक्शन देतात. सेवाग्राम आणि सावंगी मेघेच्या रुग्णालयांच्या खेपा घालणाऱ्या कितीतरी घरांना त्या इंजेक्शनचे मोल ठाऊक आहे. धडधाकट खेळाडूंनी तेच टोचून घेतले. तांबड्या पेशी वाढल्या, स्नायूंना जास्त प्राणवायू मिळू लागला, चढ सोपे झाले. मात्र रक्त दाट झाले, ते गोठण्याचा धोका वाढला. ईपीओ पकडणारी चाचणी २००० सालापर्यंत नव्हतीच. जे पकडता येत नाही ते चालते, असे त्या जगाने ठरवून टाकले.

१९९८ च्या जुलैमध्ये फेस्टिना संघाचा मालिशवाला विली वोएट बेल्जियम-फ्रान्स सीमेवर औषधांनी भरलेल्या गाडीसह पकडला गेला. संघाचा लाडका खेळाडू रिशार विरांक दोन वर्षांहून अधिक काळ नाकारत राहिला आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयात कबूल झाला. डेन्मार्कच्या ब्यार्ने रीसने १९९६ ची ‘टूर’ जिंकली होती. २००७ च्या मेमध्ये त्याने पत्रकारांपुढे सांगितले की ते यश ईपीओवरचे होते. विजेत्याची पिवळी जर्सी घरी खोक्यात पडून आहे, हवी त्याने न्यावी, असे तो म्हणाला. अकरा वर्षांनंतरची ही कबुली. २००६ चा विजेता अमेरिकेचा फ्लॉइड लँडिस दोषी ठरला तेव्हा त्याने चाहत्यांकडून पैसे गोळा करून खटला लढवला, आपण निर्दोष आहोत असे पुस्तक लिहिले आणि २०१० मध्ये सगळे खरे सांगून टाकले. वर्गणी देणाऱ्या भाबड्या माणसांचे पैसे त्याला पुढे परत करावे लागले.

मग लान्स आर्मस्ट्राँग. कर्करोगातून उठून १९९९ ते २००५ अशा सलग सात ‘टूर’ जिंकणारा माणूस. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने १० ऑक्टोबर २०१२ रोजी आपला सविस्तर निर्णय प्रसिद्ध केला. त्यात २६ जणांच्या साक्षी होत्या आणि त्यांपैकी ११ जण आर्मस्ट्राँगचे एकेकाळचे संघसहकारी होते. सातही विजेतेपदे काढून घेतली गेली. त्यानंतर, २०१३ च्या जानेवारीत, त्याने कबुली दिली. कुठे? ओप्रा विन्फ्रे यांच्या दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत.

सेवाग्रामच्या अंगणात उभे राहून या कबुलीकडे पाहिले की तिच्यातली उणीव लगेच दिसते. ही चिठ्ठी चुकीच्या हाती पडली. ती ऐकण्याचा हक्क आधी कुणाचा होता? एमा ओ’रायली ही आयरिश मालिशतज्ज्ञ संघात काय चालते ते बोलली, तेव्हा तिच्या चारित्र्यावर चिखल उडवला गेला आणि तिला कोर्टात खेचले गेले. त्या मुलाखतीत तिचा विषय निघाला, तेव्हा तिच्यावर दावा लावला होता की नाही हेही आर्मस्ट्राँगला नीट आठवेना. दावेच तितके झाले होते. १९९६ मध्ये रुग्णालयाच्या खोलीत त्याने डॉक्टरांना उत्तेजके घेतल्याचे सांगितले, हे आपण ऐकले, अशी साक्ष बेट्सी अँड्र्यू यांनी शपथेवर दिली होती. वर्षानुवर्षे त्यांना खोटे ठरवले गेले. आणि सगळे कबूल करण्याच्या त्या दिवशीही त्या खोलीबद्दल बोलायला आर्मस्ट्राँगने नकार दिला. लाखो अनोळखी माणसांपुढे मान खाली घालणे त्याला जमले. जिला खोटारडी म्हटले त्या एका बाईचे म्हणणे खरे होते, एवढे सांगणे जमले नाही. २०१३ च्याच अखेरीस त्याने एमा ओ’रायलीची समोरासमोर भेट घेऊन माफी मागितली, हेही सांगितले पाहिजे. आमच्या मते त्याची खरी कबुली त्या भेटीपासून सुरू झाली.

या इतिहासात आम्हाला औषधापेक्षा मौन अधिक भयंकर वाटते. सायकलपटूंच्या जथ्यात एक अलिखित कायदा होता. त्याला इटालियन शब्द वापरतात, ‘ओमेर्ता’. आतले बाहेर बोलायचे नाही. फ्रेंच भाषेत बोलणाऱ्याला सुपात थुंकणारा म्हणतात. आपल्याकडे त्याला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतील. क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच खेळाडू औषध न घेता शर्यती खेळत होता आणि वर्तमानपत्रात तसे लिहीतही होता. १९९९ च्या ‘टूर’मध्ये आर्मस्ट्राँगने धावत्या शर्यतीत त्याला गाठून घरी जायला सांगितले. दुसरे कुणी त्याच्याशी बोलेना. तो एकटा पडला आणि शर्यत सोडून गेला. फिलिप्पो सिमिओनी या इटालियन खेळाडूने आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध साक्ष दिली होती. २००४ मध्ये तो आघाडीच्या गटाकडे निघाला, तर पिवळी जर्सी घातलेल्या आर्मस्ट्राँगने स्वतः पाठलाग करून त्याला मागे आणले आणि कॅमेऱ्यासमोर ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. खरे बोलणाऱ्याला भर रस्त्यात, जगाच्या डोळ्यांदेखत गप्प केले गेले. आणि त्याच्या बाजूने कुणीही सायकल थांबवली नाही.

वर्धा जिल्ह्याला हे मौन अपरिचित आहे, असे म्हणण्याची आमची हिंमत नाही. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून पन्नास वर्षांपूर्वी येथे दारूबंदी झाली. कायदा आजही आहे. आणि कोणत्या गल्लीत, कोणत्या नाल्याच्या काठी काय मिळते हेही गावाला ठाऊक आहे. ज्या बायका पुढे होऊन हातभट्ट्या फोडतात, पोलीस ठाण्यात जाऊन नावे सांगतात, त्यांना नंतर गावातच टोमणे ऐकावे लागतात, धमक्या येतात. सगळ्यांना ठाऊक असणे आणि कुणीच न बोलणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की नियम कागदावर उरतो. फ्रान्समधल्या डोंगरांवर हेच झाले. आपल्या बांधावरही हेच होते.

खेळाच्या बाबतीत तर आपण स्वतःला बाहेरचे समजूच नये. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि २६० दोषी निघाले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत दोषींचे प्रमाण सर्वाधिक आपलेच, आणि हे सलग तिसरे वर्ष. पोलीस भरतीच्या मैदानावर उत्तेजक इंजेक्शने सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्राने वाचल्या आहेत. सोळाशे मीटरच्या धावण्यात चार सेकंद वाचले तर घराला पगार मिळतो, अशी ज्या पोराची गणिते, त्याच्या हातात कुणीतरी सिरिंज ठेवते. त्या पोराला दोष देण्याआधी ती ठेवणाऱ्या हाताचा शोध घेतला पाहिजे.

आरोपांचीही एक जबाबदारी असते. ती महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडच्या चाचणीत अडकला. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. १ ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या समितीने त्याला निर्दोष ठरवले, १८ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने कारस्थानाचा पुरावा पटण्याजोगा नाही म्हणून चार वर्षांची बंदी घातली. त्या अठरा दिवसांत आपण काय केले? निम्म्यांनी त्याला डोक्यावर घेऊन दुसऱ्या कुणाला तरी गुन्हेगार ठरवले, उरलेल्यांनी त्याच्यावर थुंकून घेतले. पुराव्याची वाट पाहायला फार थोडे थांबले. मौन जितके घातक, तितकाच पुराव्याशिवायचा गवगवाही. एमा ओ’रायली आणि बेट्सी अँड्र्यू यांनी आपल्या नावानिशी, आपण पाहिले-ऐकले तेवढेच सांगितले आणि त्याची किंमत मोजली. आरोप करण्याची रीत त्यांच्याकडून शिकावी.

मग वाट कोणती? ती वर्धा जिल्ह्यानेच एकदा देशाला दाखवली आहे. १९६० च्या मेमध्ये पवनारचे विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले आणि दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. त्यांच्यावर पुढे रीतसर खटले चालले. त्यांना शिक्षेतून सुटका मिळाली नव्हती. माणूस म्हणून परत येण्याची जागा मिळाली होती. कबुलीसाठी या दोन्ही गोष्टी लागतात. शिक्षा भोगायची तयारी कबूल होणाऱ्याकडे हवी, आणि परतीची जागा समाजाकडे. आर्मस्ट्राँगविरुद्ध खरे बोलणाऱ्या त्याच्या काही सहकाऱ्यांना सहा महिन्यांचीच बंदी झाली आणि त्यांतले काही पुन्हा सायकलवर बसले. आजच्या जागतिक नियमांतही हे तत्त्व आहे. नोटीस मिळाल्यापासून वीस दिवसांत दोष मान्य करून शिक्षा स्वीकारली, तर चार वर्षांच्या बंदीतले एक वर्ष कमी होऊ शकते. औषध पुरवणाऱ्याचा माग दिला तर सवलत आणखी वाढते. आपल्या किती तालीम मास्तरांना, किती भरती अकादम्यांना हे ठाऊक आहे? जिल्ह्यातल्या प्रत्येक मैदानावर हे नियम मराठीत लावावेत. व्यायामशाळांत विकल्या जाणाऱ्या पावडरींवर अन्न व औषध प्रशासनाने नजर ठेवावी. आणि ज्या मुलाच्या हातात सिरिंज सापडेल, त्याच्या चौकशीइतकीच कसून चौकशी त्याच्या प्रशिक्षकाची आणि ती देणाऱ्या औषध दुकानाची व्हावी. ही आमची मागणी आहे.

पण नियम शेवटी दाराबाहेरच उभे राहतात. राजकोटच्या त्या घरात चिठ्ठी लिहिली गेली, कारण ती वाचून वडील मारणार नाहीत, दुःखी होतील, अशी मुलाची खात्री होती. मारापेक्षा त्याला त्या दुःखाची भीती अधिक वाटत होती. आपल्या घरात आज तशी खात्री आहे का? दहावीचे गुण, भरतीचा निकाल, स्पर्धेतले पदक यांच्याशिवाय ज्या घरात मुलाशी दुसरे बोलणेच होत नाही, तिथे मुलाने चिठ्ठी कुणाला द्यावी? ती मग दहा वर्षे खिशात राहते आणि एखाद्या दिवशी बातमी होऊन बाहेर येते.

आज संध्याकाळी सेवाग्रामहून सायकल मारत पोरे घरी येतील, घामेजलेली, भुकेली. किती किलोमीटर झाले हे विचाराच. पण दम लागला तेव्हा काय केलेस, मध्येच उतरून सायकल हाती धरून चालावे लागले का, हेही विचारा. आणि ‘हो, चाललो’ असे पोराने सांगितले, तर त्याला जवळ घ्या. हरल्याचे खरे ज्याला घरात सांगता येते, त्याला जिंकल्याचे खोटे बाहेर सांगावे लागत नाही.