जाते, ओवी आणि वही

गेल्या वैशाखात आमच्या घरी पुतणीचे लग्न निघाले. मुहूर्ताचे उडीद भरडावयाचे तर जाते हवे. आणि ज्या घरात एके काळी पिठाचे, भरडण्याचे व मेतकुटाचे अशी तीन वेगळाली जाती होती, त्या घरात आता एकही उरलेले नव्हते. त्यांतील एकाची तळी परसात न्हाणीच्या पायरीला लागली आहे, बाकीची कोठे गेली ते कोणी सांगू शकत नाही. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी आमची अडचण तत्काळ दूर केली. जाते त्यांच्याकडे होतेच, भाडे तेवढे निराळे पडणार होते. आले ते जाते वीतभर रुंदीचे, रंगविलेले, खुंट्यास जरीचा गोंडा लाविलेले. हळकुंड-सुपारी बांधून झाली, पाच सवाष्णींनी हात लाविला, छायाचित्रकाराने "पुन्हा एकदा फिरवा" म्हटल्यावर पुन्हा एकदा फिरविले. आता ओवी कोणी म्हणावयाची? पाचहीजणी शिकलेल्या, त्यांपैकी दोघी तर परदेशात राहून आलेल्या. पण एकीसही ओवी येईना. शेवटी कोणी तरी मोबाइलवर सनई लाविली व वेळ निभावून नेली.

आमच्या आत्याबाई खुर्चीवर बसून हे सारे पाहत होत्या. त्यांस आता अठ्ठ्याऐंशीवे वर्ष चालू आहे. राजापूरकडच्या आमच्या जुन्या घरी त्यांनी वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून आईबरोबर दळले आहे. आम्ही म्हटले, "आत्या, तुम्ही म्हणा ना एखादी." त्या म्हणाल्या, "अरे, खुर्चीत बसून कुठली आठवायला? हाताला काही लागलं पाहिजे." ते उत्तर आम्ही त्या वेळी वार्धक्याची सबब म्हणून सोडून दिले. नंतर मात्र त्या एका वाक्याने आम्हांस पुष्कळ वाचावयास लाविले, आणि त्या वाचनातूनच ह्या महिन्याचे हे पान उभे राहिले आहे.

परंपरागत कलांचा अभ्यास म्हटला की त्या कलेस तिच्या जागेवरून उचलून कोणत्या तरी एका शास्त्राच्या कपाटात ठेवावयाची आमची जुनी खोड आहे. चित्र असेल तर चित्रकलेच्या, गाणे असेल तर संगीताच्या किंवा साहित्याच्या. जात्यावरची ओवी साहित्याच्या कपाटात गेली. ती तेथे जाण्यास आधारही थोर होता. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर ह्याने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. पुढे ज्ञानेश्वरांनी ओवीतच आपला ग्रंथ केला, आणि ग्रंथातील ओवीचे मूळ बायकांच्या ओवीतच आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. दुर्गाबाई भागवत व सरोजिनीबाई बाबर ह्यांचे लोकसाहित्यातील कार्य तर आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या सर्वांच्या परिश्रमांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि कागदावर उतरलेली ओवी म्हणजे दोन ओळी आणि शेवटी एक यमक. गाणारी, तिचे जाते, तिची पहाट आणि तिचा गळा ही सर्व कागदाच्या बाहेर राहतात.

ह्या बाहेर राहिलेल्या गोष्टी आत आणण्याचा एक मोठा प्रयत्न पुण्याजवळच्या मुळशीच्या डोंगराळ मुलखातून निघाला. मूळचे फ्रान्समधील, १९७२ साली भारतात येऊन येथेच राहिलेले समाजशास्त्राचे अभ्यासक गी पॉइटवाँ व त्यांच्या सहकारी हेमाताई राईरकर हे १९८० नंतरच्या दशकात तेथील गरीब शेतकऱ्यांच्या संघटनकार्यात गुंतलेले होते. धरणासाठी जमिनी गेल्या, म्हणून सेनापती बापटांनी १९२१ पासून ज्या मुळशीत सत्याग्रह केला, तोच हा मुलूख. ओव्या जमविण्यासाठी म्हणून ही मंडळी तेथे गेलेली नव्हती, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. बायका आपल्या आयुष्याविषयी बोलू लागल्या, आणि बोलता बोलता जे बोलता येत नव्हते ते त्यांच्या तोंडून ओवीत येऊ लागले. मग त्या भागातल्या कार्यकर्त्या बायकांनीच गावोगाव, घरोघर जाऊन ओव्या मिळविल्या. ओवी जशी ऐकली तशी घ्यावयाची, आणि तिच्याबरोबर गाणारणीचे नाव व गाव लिहावयाचे. पाहता पाहता हा संग्रह एक लक्षाच्या वर गेला, गावांची संख्या हजाराच्या वर गेली आणि गाणारणी तीन हजारांवर झाल्या. १९९५ च्या सुमारास फ्रान्सचेच बर्नार बेल हे त्यांत सामील झाले. हे गृहस्थ संगणकशास्त्र जाणणारे आणि भारतीय संगीताचा अभ्यास केलेले. त्यांनी सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले व सर्व ओव्यांची संगणकावर विषयवार मांडणी करविली. पॉइटवाँ २००४ साली वारले. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ह्या संस्थेने त्या ओव्या आवाजासह लोकांसमोर ठेवण्यास प्रारंभ केला, त्यामुळे आता त्या घरबसल्या ऐकावयास मिळतात.

निरनिराळ्या विद्यांची माणसे एका ठिकाणी बसली म्हणजे काय होते, हे येथे पाहावे. भाषेचा अभ्यासक एकाच शब्दाची गावागणिक बदलती रूपे पाहतो. संगीताचा अभ्यासक सांगतो की कागदावर दोन ओळींची दिसणारी ओवी गळ्यात दोन ओळींची राहतच नाही. गाणारी अर्धी ओळ पुन्हा घोळविते, मध्येच सखीला हाक घालते, पालुपद जोडते, आणि एकाच चालीवर शेकडो ओव्या चालवीत नेते. समाजशास्त्राचा अभ्यासक विचारतो, ही बाई कोणाची, कोणाच्या घरात दळते, आणि पलीकडे खुंट्यास हात लावून बसलेली तिची कोण. संगणक तर एक लक्ष ओव्या एकदम डोळ्यांसमोर आणतो. मावळातली ओवी मराठवाड्यात कोणत्या वेषात फिरते आहे हे त्यावाचून कोणाच्या ध्यानात आले असते? ह्यांपैकी एकट्याने कोणी गेला असता तर त्यास ओवीचा एक तुकडाच हाती लागला असता.

संस्कृती बदलते म्हणजे बुडते, असे आमच्या वयाच्या मंडळींस फार लवकर वाटू लागते. त्यावर उतारा म्हणून ह्याच संग्रहातील एक भाग आम्ही मुद्दाम सुचवितो. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या आहेत. रामसीतेचे, विठ्ठलरखुमाईचे, भावाचे आणि माहेराचे जे पात्र शतकानुशतके चालत आले, त्यात ह्या बायकांनी आपला नवा आदर, नवा धर्म आणि नवा अभिमान ओतला. आणि ते पात्र फुटले नाही. जुनी कला म्हणजे गोठलेली कला, हा समज शहरात बसून करून घेतलेला आहे. ओवी आटली ती विषय संपले म्हणून नव्हे. ती आटली, कारण गावात विजेची गिरणी आली. गिरणी आल्याचे कोणा बाईस दुःख झाले असेल असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पहाटे तीनला उठून पायलीभर दळणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांस विचारावे. आत्याबाईंच्या उजव्या खांद्याचे दुखणे त्या दिवसांपासूनचे आहे, असे त्या स्वतःच सांगतात. जात्याविषयी कविता करणाऱ्यांचे खांदे सहसा दुखत नसतात.

येथे पॉइटवाँ व राईरकर ह्यांच्या १९९६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या, जाते आणि भक्ती ह्यांवरील ग्रंथाचा विषय निघतो. शेतकरी बायकांच्या भक्तीपासून स्वामींच्या तत्त्वज्ञानापर्यंतचा प्रवास, असा त्या ग्रंथाच्या उपशीर्षकाचा आशय आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचे जाते दाखवितात. विठ्ठल त्यांस दळू लागला ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पुढे कीर्तनात आणि निरूपणात जात्याचे रूपक झाले, दळणाचे पीठ म्हणजे अहंकाराचे पीठ झाले. रूपक उत्तमच आहे. पण त्यात दळणारी कोठे गेली, हा प्रश्न मनात आला म्हणजे मग तो जात नाही. आमच्याही मनातून तो गेला नाही, आणि त्याचे कारण आमच्या घरात आहे.

आमचे तीर्थरूप आजोबा शाळामास्तर होते. त्यांनी १९५० च्या सुमारास घरातील ओव्या एका वहीत उतरून घेतल्या. जांभळ्या शाईची, दोन्ही बाजूंस समास सोडलेली ती वही आमच्या घरी पूज्य मानली जाते. आम्ही स्वतः तिच्यावर एकदा फार अभिमानाने लिहिलेही होते. लग्नाची धामधूम संपल्यावर आम्ही ती आत्याबाईंस वाचून दाखविण्यास बसलो. पहिल्या दोन पानांवर त्या माना डोलवीत होत्या. तिसऱ्या पानावर म्हणाल्या, "हे असं नाही म्हणत आम्ही." बोलीतला शब्द काढून आजोबांनी तेथे पुस्तकी शब्द घातला होता. जेथे चरण लांडा पडला तेथे तो भरून काढिला होता. इतपत ठीक, मास्तरांच्या हातून असे व्हावयाचेच. पण वहीभर माहेर होते, भाऊ होता, तुळस होती, पंढरी होती. सासू नावालाही नव्हती. आम्ही विचारले, "सासूच्या ओव्या नव्हत्याच का?" आत्याबाई हसल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि माईआत्याची एकही नाही."

माईआत्या म्हणजे आजोबांची बहीण. नवव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी वैधव्य. त्यानंतर सारे आयुष्य भावाच्या घरी. सणासमारंभात त्या माजघराच्या बाहेर येत नसत. परंतु दळणाच्या वेळी कोणाची आडकाठी नव्हती. घरात सर्वांत आधी उठणाऱ्या त्याच, सर्वांत अधिक दळणाऱ्या त्याच, आणि आत्याबाईंच्या म्हणण्याप्रमाणे सर्वांत अधिक ओव्याही त्यांच्याच. आजोबांची निजावयाची खोली जात्याच्या खोलीस लागून होती, मध्ये नुसता कुडाचा पडदा. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी पहाटेच्या झोपेत तो आवाज ऐकला असला पाहिजे. वही लिहावयास बसले तेव्हा तोच आवाज त्यांस आठवला नाही, किंवा आठवला आणि लिहवला नाही. आम्ही त्यांस दोष देऊ म्हणतो तर आमच्याच्याने देववत नाही; ते प्रेमळ होते, बहिणीस त्यांनी कधी अधिकउणा शब्द बोलला नाही, असे सर्वच सांगतात. आणि तरीही वहीत तिला जागा नाही. शिकलेल्या माणसाने प्रेमाने केलेला संग्रहदेखील असा गाळून येतो, हे आमच्याच घरच्या कागदाने आम्हांस दाखविले. मुळशीच्या त्या मंडळींनी प्रत्येक ओवीखाली बाईचे नाव लिहिण्याचा जो कटाक्ष ठेविला, त्याची किंमत आम्हांस तेव्हा कळली.

ह्यानंतर आम्ही एक उद्योग केला. गावाकडच्या एका कुळवाड्याच्या घरून जुने जाते मागून आणिले. ते वापरात नव्हते. टाकी लावून घेण्यासाठी माणूस शोधण्यातच पंधरा दिवस गेले. हे काम करणारे आता फारसे उरले नाहीत, हीदेखील एका कलेचीच हकीकत आहे, पण ती पुन्हा केव्हा तरी. जाते पडवीत मांडले. आत्याबाईंस खाली बसवेना, म्हणून पाटावर गादी घालून बसविले. पलीकडून सौभाग्यवतींनी खुंट्यास हात दिला. पहिले चार-सहा फेरे नुसती घरघर झाली. मग आत्याबाईंनी मूठभर नाचणी वैरली आणि कोणी न सांगता त्यांचा स्वर लागला. एकामागून एक ओव्या येऊ लागल्या. घास घालताना स्वर थांबे, खुंटा फिरला की पुन्हा उचले. हाताला काही लागले पाहिजे असे त्या म्हणाल्या होत्या त्याचा अर्थ आम्ही उभ्या उभ्या पाहत होतो. आम्ही ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन जवळ सरकलो. आत्याबाईंनी डोळे उघडले व म्हणाल्या, "तू जरा बाहेर जा. ह्या तुझ्यासाठी नाहीत."

आम्ही बाहेर गेलो. दार लोटून घेतल्यावर घरघर तेवढी ऐकू येत होती, शब्द येत नव्हते. संशोधकाने अशा वेळी काय करावे ह्याविषयी आम्ही पूर्वी ह्याच पानावर बरेच काही ठासून लिहिले आहे. ते लिहिताना आम्ही दाराच्या ह्या बाजूस कधी उभे राहिलेलो नव्हतो, एवढेच सांगतो. अर्ध्या तासाने दार उघडले. परातीत दीड-दोन वाट्या पीठ होते.

सौभाग्यवतींनी आम्हांस काही सांगितले नाही, आम्हीही विचारिले नाही. चार दिवसांनी आत्याबाईंनीच वही मागवून घेतली. आता तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर निळ्या शाईत, सौभाग्यवतींच्या अक्षरात, सात ओव्या आहेत. वर माईआत्यांचे नाव आहे. माई म्हणून नव्हे, पाळण्यात ठेविलेले. ते नाव त्या दिवसापर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते. पाचव्या ओवीत एका ठिकाणी चरण लांडा पडतो. तो तसाच आहे.